नांगरलेल्या बोटीवर मोठ्याने गाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबर ते मे हा आपल्या किनाऱ्यावरचा बोटींचा हंगाम. मुंबई बंदर, मांडवा, दिघी, जयगड, विजयदुर्ग, देवगड, तारकर्लीची कर्ली खाडी, गोव्यातली शापोरा आणि मांडवी. या ठिकाणी आता मासेमारीच्या होड्यांच्या बाजूलाच शिडाच्या बोटी, भाड्याच्या यॉट आणि हाऊसबोटीही नांगर टाकून उभ्या असतात. बोटी वाढल्या तसे स्पीकरही वाढले. गाणी सगळ्यांनाच आवडतात, मलाही आवडतात. पण नांगर टाकलेल्या बोटीवर झोपलेल्या माणसाला रात्री अकरा वाजता उठून दुसरीकडे जाता येत नाही. त्याला अंधारात नांगर उचलावा लागतो, अनोळखी पाण्यात दुसरी जागा शोधावी लागते, आणि ओहोटी लागली असेल तर तेही जमत नाही. म्हणून हे प्रश्न आणि त्यांची सविस्तर उत्तरं.

पाण्यावर तर सगळं मोकळं. आवाज विरून जात असेल ना?

उलट जास्त लांब जातो. गावात आवाज अडवायला भिंती, झाडं, कुंपणं, मऊ माती असते, आणि यातली प्रत्येक गोष्ट थोडा थोडा आवाज पिते. शांत पाणी जवळजवळ काहीच पीत नाही. पृष्ठभागावर आदळलेला आवाज परत वर उसळतो आणि सरळ आलेल्या आवाजात मिसळून पुढे सरकतो.

दुसरं कारण हवेचं आहे. थंड हवेत आवाजाचा वेग कमी असतो. पाण्यालगतची हवा थंड आणि वरची हवा उबदार असेल, तर वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो. कोकणातल्या खाड्यांमध्ये दोन्ही बाजूंना डोंगर आहेत. डिसेंबर-जानेवारीच्या निरभ्र, वारा पडलेल्या रात्री डोंगरउतारावरची गार हवा खाली उतरून खाडीत साठते. अशा रात्री पलीकडच्या काठावर दोघं जण साध्या आवाजात बोलत असले तरी त्यांचे शब्द इकडे कळतात. आणि पार्ट्यांचा मोसम नेमका तोच.

नक्की किती अंतरावर ऐकू जातं? आकड्यांत सांगा.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. समजा तुमच्या डेकवरचा स्पीकर १ मीटरवर ९५ डेसिबल देतोय. पार्टीसाठी हा आवाज नेहमीचाच. मग १० मीटरवर तो ७५ राहतो आणि १०० मीटरवर ५५. ३०० मीटर गेल्यावर कुठे तो ४५ च्या आसपास येतो.

छोट्या बोटी एकमेकींपासून साधारण ५०-६० मीटरवर नांगरलेल्या असतात. ६० मीटरवर तुमचं गाणं ५९-६० डेसिबलचं असतं. शेजारी बसून कुणीतरी सतत बोलत असावं, तेवढा हा आवाज. शेजारच्या बोटीतला माणूस उशीवर डोकं टेकवतो तेव्हा त्याच्या कानाशी हे चाललेलं असतं. पाण्यावरून उसळणारा आवाज आणि थंड हवेचा परिणाम या हिशेबात धरलेलाच नाही. तो धरला की आकडे आणखी वाढतात.

उलटा हिशेबही करून बघा. शेजाऱ्याकडे ४० डेसिबलच पोचावेत असं वाटत असेल तर तुमच्या स्पीकरपाशी १ मीटरवर ७५ च्या आसपास आवाज हवा. एवढ्या आवाजात चार माणसं गोल बसून आरामात गाणी ऐकू शकतात, मध्ये गप्पाही मारू शकतात. नाचायला मात्र तो कमी पडेल, हे मान्य.

फोनवरच्या अ‍ॅपमध्ये आवाज मर्यादेत दिसतो, तरी शेजारी तक्रार करतात. का?

बासमुळे. आवाज मोजायची नेहमीची पद्धत माणसाच्या कानाला हलक्या आवाजात जसं ऐकू येतं त्यानुसार ठरवलेली आहे, त्यामुळे ती खालच्या पट्टीतला आवाज कमी धरते. ६३ हर्ट्‌झचा ढोलासारखा ठोका त्या मोजणीत २६ डेसिबलने कमी दिसतो. अ‍ॅप म्हणतं सगळं ठीक आहे, आणि तिकडे शेजारच्या केबिनमध्ये धप-धप चालूच असते.

लांबवर जाताना आवाजातला वरच्या पट्टीचा भाग हवेत विरतो. शब्द विरतात, बासरी विरते, ठोका तेवढा पोचतो. त्यातून फायबरच्या बोटीची भिंत पातळ. ती तीक्ष्ण आवाज थोडाफार अडवते, ठोका अडवत नाही. म्हणजे शेजाऱ्याला तुमचं गाणं ऐकूच येत नसतं, त्याच्या वाट्याला फक्त ठोका येतो. जे गाणं तुम्ही आवडीने लावलंत त्यातलं चांगलं काहीच त्याच्यापर्यंत जात नाही, ही गोष्ट मला या सगळ्या प्रकारात सर्वात वाईट वाटते.

यावरचा उपाय सोपा आहे. स्पीकरचा बास पूर्ण खाली आणा. सबवूफर (फक्त बाससाठीचा वेगळा स्पीकर) असेल तर नांगरल्यावर तो बंदच ठेवा. स्पीकर थेट डेकवर न ठेवता खाली रबराची चटई किंवा जाड गादी घाला, नाहीतर बोटीचं सगळं अंगच वाजायला लागतं.

कायदा पाण्यावर लागू होतो का? तिथे कुठला रहिवासी भाग आहे?

ध्वनिप्रदूषण (नियमन आणि नियंत्रण) नियम, २००० हे पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ खाली केलेले नियम आहेत. ते फक्त जमिनीपुरतेच आहेत, असं त्यांत कुठेही म्हटलेलं नाही. रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ रात्रीची धरली जाते, आणि त्या वेळेत उघड्यावर लाऊडस्पीकर, ध्वनिवर्धक किंवा वाद्य वाजवता येत नाही. सभागृहासारख्या बंद जागेत आतल्या आतच वाजवण्यापुरती सूट आहे. वरून ताडपत्री किंवा छत घातलेला डेक म्हणजे बंद जागा नव्हे.

रहिवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रुग्णालयं, शाळा, न्यायालयं यांच्याभोवतीच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. खाडीचा काठ म्हणजे बहुतेक ठिकाणी गावच असतं, पाण्यापासून हाताच्या अंतरावर घरं असतात. वरचा हिशेब आठवा. ९५ डेसिबलचा स्पीकर १०० मीटरवरच्या घरात ५५ डेसिबल पोचवतो, म्हणजे रात्रीच्या मर्यादेपेक्षा १० जास्त.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ च्या निकालात रात्री १० ते ६ ही बंदी पक्की केली. स्वतःच्या आनंदासाठी केलेला आवाज दुसऱ्यावर लादण्याचा हक्क कुणाला नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. महाराष्ट्रात डॉ. महेश बेडेकर आणि सुमेरा अब्दुलअली यांच्यासारख्या नागरिकांनी वर्षानुवर्षं हा प्रश्न उच्च न्यायालयात लावून धरला. त्यांच्या चिकाटीमुळे आज निदान तक्रार करायला ठोस आधार आहे.

दहाच्या आत तर काहीही चालतं ना?

कायद्याने दिवसाही मर्यादा आहे, ती वर आलीच. पण मला इथे दुसरंच सांगायचं आहे, आणि ते जमिनीवर राहणाऱ्यांना सहसा ठाऊक नसतं.

नांगरलेल्या मच्छीमार होडीवरचे खलाशी घड्याळ बघून झोपत नाहीत. त्यांचं झोपणं-उठणं भरती-ओहोटीवर चालतं. डोल जाळ्याचं उदाहरण घ्या. वर्सोवा, मढ आणि उत्तर कोकणच्या बऱ्याच गावांत ही पद्धत आहे. पिशवीसारखं मोठं जाळं एका जागी पक्कं बांधलेलं असतं, पाण्याचा ओढ मासे त्यात घालतो, आणि ओढ मंदावला, पाणी उभं राहिलं की जाळं उचलायचं. भरती साधारण बारा तास पंचवीस मिनिटांनी परत येते, म्हणून रोजची वेळ पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. आज पहाटे तीनला जाळं उचलणारा माणूस आठवड्याने सकाळी नऊला उचलेल. म्हणजे त्याची झोप कधी दुपारी, कधी संध्याकाळी सातला, कधी मध्यरात्रीनंतर.

ट्रॉलरवरचे खलाशी कधी कधी दोन-दोन आठवडे घराबाहेर असतात. बंदरात आल्यावर मासळी उतरवायची, बर्फ आणि डिझेल भरायचं, जाळी सांधायची, आणि मधल्या वेळेत डेकवरच आडवं व्हायचं. संध्याकाळी सहाला तुमच्या शेजारची होडी सामसूम दिसली तर ती रिकामी आहे असं समजू नका. डेकवर चादर ओढून पडलेली माणसं लांबून दिसत नाहीत.

म्हणून वेळ कुठलीही असो, नांगर टाकला की आधी आजूबाजूला नीट बघा. होडीवर कुणी झोपलंय का, जाळी सांधत बसलंय का, की सगळे जेवायला बसलेत?

वाऱ्याचा काही संबंध असतो का?

खूप असतो, आणि तो समजला तर तुमचा अर्धा प्रश्न सुटतो. दुपारी समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे वाहतात. संध्याकाळी ते पडतात, आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे सुरू होतात. आवाज वाऱ्याच्या दिशेने लांब जातो, वाऱ्याविरुद्ध लवकर मरतो. दुपारी तुमची गाणी गावात जातात. रात्री ती तुमच्यापेक्षा बाहेरच्या बाजूला, समुद्राकडे नांगरलेल्या बोटींवर जातात.

ज्यांना रात्री दहाच्या आत थोडी मोठ्याने गाणी हवी असतील त्यांनी सगळ्या बोटींच्या बाहेरच्या, समुद्राकडच्या कडेला नांगर टाकावा. मग मतलई वारा आवाज मोकळ्या समुद्राकडे नेतो. नांगरलेली बोट तोंड वाऱ्याकडे करून उभी राहते, म्हणजे बसायची मागची जागा आपोआप समुद्राकडे येते. स्पीकरचं तोंडही तिकडेच ठेवा.

खाडीत मात्र हा हिशेब तसाच धरू नका. तिथे बोट वाऱ्यापेक्षा पाण्याच्या ओढाला जास्त जुमानते. भरती फिरली की सगळ्या बोटी गोल फिरतात, आणि मघाशी मोकळ्या पाण्याकडे असलेला स्पीकर आता शेजारच्या खिडकीकडे तोंड करून उभा असतो. दर दोन-तीन तासांनी बघत राहा.

गाणी चालू असल्याने धोका कसला? आम्ही काही बोट चालवत नाही.

हा प्रश्न विचारणाऱ्यांनी पुढचं उत्तर शेवटपर्यंत वाचावं अशी माझी विनंती आहे.

समुद्रावरच्या टकरी टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. त्यातला पाचवा नियम म्हणतो की प्रत्येक जहाजाने सर्व वेळ डोळ्यांनी आणि कानांनी पहारा ठेवायचा. 'सर्व वेळ' यात नांगरलेली वेळही आली. कानांचा उल्लेख नियमात मुद्दाम केलेला आहे, कारण रात्री आणि धुक्यात पुष्कळ गोष्टी आधी ऐकू येतात आणि मग दिसतात.

काय काय ऐकू यायला हवं ते बघा. एखादी बोट पाच छोटे भोंगे देते, म्हणजे तुम्ही काय करताय ते तिला कळत नाहीये किंवा टक्कर टाळायला तुम्ही पुरेसं करताय का अशी तिला शंका आहे. तुमचा नांगर सुटून घसरायला लागला की साखळीची खरखर होते आणि ती पुढच्या टोकाला ऐकू येते. फोनवर नांगराचा अलार्म लावला असेल तर तोही वाजतो, पण फोनचा आवाज तो केवढा. बोटीवरच्या व्हीएचएफ (बिनतारी) रेडिओच्या चॅनल १६ वर कुणी मदत मागत असेल. आणि कुणी पाण्यात पडलं असेल.

बुडणारा माणूस सिनेमात दाखवतात तसा फार वेळ ओरडत नाही. तोंड पाण्याच्या वर असतं तेवढ्या क्षणात त्याला श्वास घ्यायचा असतो, ओरडायला हवा उरतच नाही. एखाददुसरी हाक येते, किंवा नुसता पाण्याचा आवाज. ९५ डेसिबलच्या गाण्यात ती हाक कुणालाही ऐकू येणार नाही. तुमच्या बोटीवरच्या माणसांना नाही, आणि ६० मीटरवरच्या शेजाऱ्यालाही नाही. अंधारात पोहायला उतरलेली, त्यात दारू घेतलेली माणसं असतील तर मग विचारूच नका.

कोकणच्या खाड्यांत हिवाळ्यात पहाटे धुकं पडतं. नांगरलेल्या जहाजाने धुक्यात मिनिटामिनिटाला पाच सेकंद घंटा वाजवायची असा नियम आहे. १२ मीटरपेक्षा लहान बोटीने निदान दर दोन मिनिटांनी कसला तरी ठळक आवाज करायचा. पहाटेपर्यंत गाणी चालू असलेल्या बोटीला ना स्वतःची घंटा आठवते, ना दुसऱ्याची ऐकू येते.

पोहायला कुणी पाण्यात उतरलं की गाणी बंद, आणि एक जण डेकवर फक्त त्यांच्यावर लक्ष ठेवून. माझ्या मते हा नियम प्रत्येक बोटीवर असायला हवा.

आम्ही आधी आलो होतो. नंतर आलेली बोट शेजारी नांगरली. मग आवाज कमी कुणी करायचा?

नांगरायची जागा आधी आलेल्याची, हा जुना संकेत आहे. नंतर आलेल्याने पुरेसं अंतर सोडायचं. पण हा संकेत जागेपुरता आहे. आधी येऊन नांगर टाकल्याने आसपासच्या शांततेवर हक्क मिळत नाही. देवगड किंवा विजयदुर्गसारख्या आडोशाच्या जागी बोटी येतातच मुळी वाऱ्यापासून आसरा घ्यायला, आणि वारा वाढला तर शेवटच्या बोटीला दुसरा पर्यायही नसतो.

तुम्ही नंतर येत असाल आणि पार्टी करायची ठरवूनच आला असाल तर ३०० मीटर तरी लांब जा. मध्ये एखादी टेकडी किंवा भूशिर आलं तर उत्तमच. मात्र शांतता राखायच्या नादात जहाजांच्या वाटेत नांगर टाकू नका. मुंबई बंदरात हे विशेष सांभाळायला लागतं.

शेजारच्या बोटीवर गाणी चालू आहेत. सांगायचं कसं?

ओरडून नको. गाण्याच्या वर आवाज चढवायला गेलं की ते भांडणासारखंच ऐकू येतं. भोंगाही वाजवू नका, तो धोक्याच्या इशाऱ्यासाठी आहे. छोटी होडी किंवा डिंगी असेल तर हळू, समोरून दिसेल असं त्यांच्या बाजूला जा, इंजिन बंद करा आणि बोटीचं नाव घेऊन हाक मारा. आधी ओळख, मग विनंती. 'दादा, आम्ही शेजारच्या बोटीवर आहोत. लहान मूल झोपलंय, बास जरा कमी कराल का?' बास हा शब्द मुद्दाम घ्या. 'आवाज कमी करा' म्हटलं की लोक बटण दोन घरं खाली आणतात आणि ठोका तसाच राहतो.

भाड्याची यॉट असेल तर पाहुण्यांशी न बोलता तांडेलाशी, म्हणजे बोट चालवणाऱ्या मुख्य माणसाशी, बोला. पार्टी करणाऱ्यांसमोर त्याला कमीपणा येईल असं काही बोलू नका. होडीवरच्या वयस्क मच्छीमाराला मामा किंवा काका म्हणा, आणि तो सांगायला आला तर त्याला डेकवर चढायला हात द्या.

रेडिओवरून सांगायचं असेल तर चॅनल १६ वर फक्त हाक मारा आणि बोलायला लगेच दुसऱ्या चॅनलवर जा.

मी भाड्याच्या बोटीवर तांडेल आहे. पाहुण्यांनी पैसे दिलेत, ते ऐकत नाहीत. मी काय करू?

ही सगळ्यात अवघड जागा आहे आणि ती तुमच्या एकट्यावर टाकणं योग्य नाही. बोटमालकाने हे आरक्षणाच्या वेळीच लिहून कळवायला हवं: नांगरल्यावर आवाज मर्यादेत, रात्री दहाला स्पीकर बंद. बोटीवर चढतानाच तोंडी सांगितलं की पाहुणे सहसा मानतात. रात्री साडेदहाला, जेवण आणि दारू झाल्यावर पहिल्यांदाच सांगितलं तर वाद होतो.

मालकांना आणखी एक सुचवतो. बोटीवर कायमचा बसवलेला स्पीकर असेल तर त्याच्या अ‍ॅम्प्लिफायरची वरची मर्यादा आधीच बांधून टाका, आणि पाहुण्यांना स्वतःचे मोठे स्पीकर आणू देऊ नका. मग तांडेलाला भांडावंच लागत नाही. आणि बोटीवर अंतिम शब्द तांडेलाचा असतो. सुरक्षिततेसाठी गाणी बंद करा म्हणण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे, मालकाने त्याच्या पाठीशी उभं राहायला हवं.

विनंती करूनही ऐकलं नाही तर तक्रार कुठे करायची?

११२ वर. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक चालू आहे असं सांगा, जागा नीट सांगा: कुठली खाडी, कुठल्या जेट्टीसमोर, काठापासून साधारण किती लांब. पोलिसांकडे त्या क्षणी बोट असेलच असं नाही, म्हणून बोटीचं नाव आणि नोंदणी क्रमांक टिपून ठेवा, फोनवर आवाज मुद्रित करा. सकाळी लेखी तक्रार देता येते. महाराष्ट्रात बंदर अधिकारी महाराष्ट्र सागरी मंडळाचे असतात, गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्‌सचं कार्यालय असतं. भाड्याच्या बोटींचे परवाने त्यांच्या अखत्यारीत येतात, त्यामुळे लेखी तक्रारीची एक प्रत तिथे जरूर द्या.

तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक समुद्रातल्या बचावासाठी आहे आणि सागरी पोलिसांचा १०९३ सागरी सुरक्षेसाठी. गाण्यांच्या तक्रारीसाठी हे दोन्ही अडवू नका.

नारळी पौर्णिमा, विसर्जन, सांगोड (होड्या जोडून सजवलेले तराफे) यांचं काय? तेव्हाही गप्प बसायचं?

नाही. नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यातल्या होड्या सजतात, वाजतगाजत दर्याला नारळ दिला जातो. तो त्या गावाचा, त्या पाण्याचा सण आहे. कुंभारजुव्याला गणपतीत आणि शिवोलीला सांजांवच्या (सेंट जॉनच्या सणाच्या) दिवशी सांगोड निघतात, तेव्हा दोन्ही काठांवर माणसं तेच बघायला आलेली असतात. त्या दिवशी त्या खाडीत नांगर टाकून शांततेची अपेक्षा धरणारा पाहुणाच चुकतो.

अशा सणांना दिवस ठरलेला असतो, वेळ ठरलेली असते, सगळ्यांना आधी ठाऊक असतं. नियमांतही वर्षाला जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १० ते १२ सूट देण्याची तरतूद आहे, आणि महाराष्ट्रात ते दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात. दर शनिवारी येणाऱ्या वाढदिवसाच्या पार्टीला या सवलतीत जागा नाही.

मच्छीमारही ट्रॉलरवर मोठ्याने गाणी लावतात की!

लावतात. जाळी ओढताना, बर्फ भरताना गाण्यांनी कामाला जोर येतो. त्यांच्या आवाजाचा त्रास झाला तर तुम्हीही वर सांगितलं तसंच जाऊन सांगा. पण बंदर त्यांच्या पोटापाण्याची जागा आहे, आपण तिथे विरंगुळ्याला आलोय. त्यांच्याकडून आपल्याइतकीच अपेक्षा धरावी असं मला वाटत नाही.

जनरेटर?

रात्री दहानंतर बंद. एसीसाठी तो हवाच असेल तर जेट्टीवरची वीज मिळेल अशा ठिकाणी मुक्काम करा. शिडाच्या बोटवाल्यांनी डोलकाठीवर आपटणाऱ्या दोऱ्याही झोपण्याआधी बाजूला बांधाव्यात. ती टकटक रात्रभर चालते आणि अख्ख्या बंदराला ऐकू जाते.

आम्ही केरळात हाऊसबोटीवर जाणार आहोत. तिथेही हेच का?

आलप्पुळाच्या बाजूला हाऊसबोटी संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास थांबतात, कारण त्यानंतर मच्छीमार पाण्यात जाळी टाकतात. आणि थांबतात त्या बहुतेक वेळा एखाद्या वस्तीच्या काठालाच. दहा पावलांवर कुणाचं तरी अंगण असतं, मुलं अभ्यासाला बसलेली असतात. महाराष्ट्रातून मोठे गट तिथे जातात, सोबत स्पीकरही नेतात. तिथे १०० मीटरचा वगैरे हिशेब लागतच नाही, तुम्ही त्या घराच्या ओटीवरच बसलेले असता. डेकवरच्या गप्पांच्या वर आवाज जाऊ देऊ नका.

अमेरिकेत नातेवाइकांबरोबर तळ्यावर बोट भाड्याने घेतोय. तिथला नियम?

राज्याराज्यांत वेगवेगळा. राष्ट्रीय उद्यानांच्या हद्दीतल्या पाण्यावर मात्र एक आकडा ठरलेला आहे: ५० फुटांवर, म्हणजे साधारण १५ मीटरवर, ६० डेसिबलपेक्षा जास्त आवाज चालत नाही, आणि त्यात गाणी लावायची यंत्रंही येतात. एवढ्या आवाजाचा स्पीकर १ मीटरवर ८३-८४ डेसिबलच्या आसपास भरतो. त्याहून कमी आवाजही अवाजवी वाटला तर रेंजर अडवू शकतो.

डॉल्फिनना गाण्यांचा त्रास होतो का?

हवेतला आवाज पाण्यात फार थोडा शिरतो, बराचसा पृष्ठभागावरूनच परततो. पण डेकवर टेकवलेला सबवूफर आणि चालू इंजिन बोटीच्या तळातून थेट पाण्यात आवाज सोडतात, आणि पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने जातो. आपल्या किनाऱ्यावर खाड्यांच्या मुखाशी दिसणारे कुबडवाले (हंपबॅक) डॉल्फिन आवाजावरच एकमेकांना आणि माशांना शोधतात. मालवण, तारकर्ली, गोव्यात डॉल्फिन बघायला गेलात तर सबवूफर बंद, इंजिन मंद, आणि पाठलाग अजिबात नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला हा प्राणी आहे.

मग बोटीवर गाणी लावायचीच नाहीत का?

लावा ना. एका मोठ्या स्पीकरऐवजी दोन-तीन छोटे, माणसांच्या जवळ, खाली आणि आतल्या बाजूला तोंड करून ठेवा. तेवढ्याच मजेसाठी निम्म्याहून कमी आवाज पुरतो. स्पीकर छतावर किंवा डोलकाठीला बांधू नका, तिथून तो चारी दिशांना जातो.

मग डिंगीत बसून ५०-६० मीटर लांब जा आणि स्वतःच्या कानांनी ऐका. इंजिन बंद करून दोन मिनिटं थांबा. ठोका ऐकू येत असेल तर अजून कमी करा. डिंगी नसेल तर शेजाऱ्याला फोनवर विचारा. याहून चांगलं मोजमाप माझ्या माहितीत नाही.

नाचायचंच असेल तर हेडफोनची पार्टी करा. दक्षिण गोव्यात पाळोळ्याला ही पद्धत दहाच्या बंदीमुळेच रुजली: प्रत्येकाच्या कानाला बिनतारी हेडफोन, गाणी चालू, किनारा शांत. असे संच भाड्याने मिळतात. फक्त बोटीवर एक-दोन माणसं हेडफोनशिवाय पहाऱ्याला ठेवा. पेटी, गिटार, नुसता गळाही उत्तम. ध्वनिवर्धक नसेल तर चार माणसांच्या गाण्याने खाडी भरत नाही, मात्र रात्री दहानंतर उघड्यावर वाद्य नको, नुसता गळा, आणि तोही हळू.

शेजाऱ्यांना आधी विचारलं आणि ते 'खुशाल लावा' म्हणाले, तर?

तर दहापर्यंत लावा. विचारायला जाताना बंद करायची वेळही सांगा आणि ती पाळा. एकाच बोटीला विचारून भागत नाही. वारा तुमच्याकडून ज्या बाजूला जातोय तिथल्या सगळ्या बोटींना, आणि काठ जवळ असेल तर जेट्टीवरच्या माणसांनाही विचारा. पंगतीतला एखादा पदार्थ डब्यात घालून नेलात तर बोलणं सोपं जातं. मध्येच नवी बोट येऊन नांगरली तर तिच्याकडेही जा. ती आली तेव्हा गाणी आधीपासून चालू होती, याचा अर्थ तिने होकार दिला असा होत नाही.